दोन बोटांचा फरक

मित्रांनो, सुताराच्या पिशवीत हात घातला आणि बोटांना काहीतरी गार, जड, भोवऱ्यासारखं लागलं, तर समजा की तो मीच. जुना पितळी ओळंबा. माझ्या डोक्याला भोक आहे, भोकात दोरी आहे आणि खाली टोक आहे. करवतीसारखं कापणं मला येत नाही, रंध्यासारखं तासणंही येत नाही. मला एकच काम येतं, सरळ लोंबायचं! पण त्या एका कामापायी मी एकदा चाळीस माणसांना श्वास रोखून उभं केलं होतं. त्या दिवसाची आठवण झाली की आजही माझी दोरी थरथरते.

माझा जन्म भट्टीत झाला. एक मोडका नळ, दोन कड्या आणि एक फुटकी घंटा एकत्र वितळवून मला ओतलं. एका तरुण सुताराने मला उचलून हातात तोललं आणि तो म्हणाला, "हा माझा." पुढे त्या सुताराला सगळे मिस्त्री म्हणू लागले. आम्ही दोघांनी मिळून किती खांब, किती चौकटी, किती जिने सरळ उभे केले, त्याची मोजदाद नाही. एखादं गिऱ्हाईक हुज्जत घालू लागलं की मिस्त्री मला सोडायचे आणि म्हणायचे, "माझ्याशी नका भांडू, याच्याशी भांडा." मग कोण भांडणार? मी खाली लोंबायचो आणि भांडण तिथेच संपायचं.

पण दिवस पालटले. लोक सिमेंटची घरं बांधू लागले. भिंतीवर लाल रेघ मारणारी लेझरची पेटी आली. मिस्त्रींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला. आणि मला मिस्त्रींच्या सुतारी कारखान्याच्या दारामागे टांगलं गेलं, दार आपोआप लागावं म्हणून! येणारा-जाणारा दार ढकलायचा आणि मी भिंतीवर आपटायचो. सात वर्षं, मित्रांनो, सात वर्षं मी दिवसभर नुसता टाळकं आपटून घेत होतो.

एके दिवशी त्या दारातून सिस्टर आत आल्या. त्या गावातल्या दवाखान्यात चाळीस वर्षं परिचारिका होत्या. निम्मं गाव त्यांच्या हातांवर जन्मलेलं. आता त्या निवृत्त होणार होत्या आणि दवाखान्याची खोली त्यांना सोडावी लागणार होती.

"मिस्त्री, मला लाकडाचं घर बांधून द्या," त्या म्हणाल्या. "पण एकही खिळा नको."

"का हो?"

"चाळीस वर्षं सरकारी खोलीत राहिले. भिंतीला खिळा ठोकायची परवानगी नव्हती. इतकी सवय झालीय, की आता खिळाच नको!"

मिस्त्री पोट धरून हसले. मग डोळे चोळत म्हणाले, "असं घर मी तरुणपणी बांधलंय. पण आता मला रेघ दिसत नाही."

"मला दिसते," मागून आवाज आला. ती मिस्त्रींची लेक होती. कामगार तिला ताई म्हणत. बापाच्या हाताखाली ती सगळं शिकली होती, पण अख्खं घर तिच्या मोजमापावर कधी उभं राहिलं नव्हतं.

बिनखिळ्याचं घर म्हणजे काय, ते सांगतो. एका लाकडाच्या टोकाला जीभ ठेवायची. दुसऱ्या लाकडात पटाशीने बरोबर तेवढीच खाच कोरायची. जीभ खाचेत शिरली की दोन्हींतून आरपार भोक पाडून लाकडी खुंटी ठोकायची. झालं! मग वारा येवो नाहीतर आणखी काही, ते दोघं एकमेकांना सोडत नाहीत. पण खाच केसभर जरी सैल झाली, तरी घर जन्मभर कुरकुरतं. ताईने असे चौसष्ट सांधे आखले. तीन महिने पटाशीचा ठोक-ठोक आवाज चालू होता आणि मी दारामागे आपटत आपटत सगळं ऐकत होतो. मला कोणी बोलावलं नव्हतं.

घर उभारायच्या दिवशी सकाळी ताई घाईघाईने बाहेर पडली. मिस्त्रींनी दार चाचपडून माझी दोरी सोडली आणि मला तिच्या खिशात टाकलं. "असू दे जवळ."

काय तो दिवस! मोकळ्या जागेवर दगडी जोतं तयार होतं. बाजूला खांब, तुळया आणि वासे रचलेले. आणि दोर ओढायला चाळीस माणसं! सिस्टर एकेकाकडे बोट दाखवून सांगत होत्या, "हा पायाळू जन्मला. ही जेमतेम पावणेदोन किलोची होती, बघा आता! आणि हा बाहेर यायलाच तयार नव्हता, आजही उशिराच आलाय."

जोतं बांधणारा गवंडी आपली लेझरची पेटी घेऊन हजर होता. त्याला सगळे लेझरभाऊ म्हणत. त्याने खांब सरळ करून टेकू लावायला सुरुवात केली. खिशातून डोकावणारं माझं डोकं पाहून तो हसला. "ताई, भोवरा कशाला आणलाय? खेळायला?"

मी खिशातल्या खिशात लाल झालो. पण खरं सांगायचं तर त्याचं काम चोख होतं. पाच खांब झाले, मग सगळ्यांनी चहा घेतला, मग सहावा झाला.

तीन वासे वर एकत्र बांधून केलेल्या तिकाटण्यावरून, कप्पीतून दोर ओढून तुळई वर चढवायची होती. "ओढा!" ताई ओरडली. चाळीस जण ओढू लागले. पहिली तुळई हवेत चढली, डुलली, दोन खांबांच्या डोक्यांवरच्या जिभांवर अलगद उतरली. खट्ट! टाळ्या वाजल्या. दुसरी तुळई. खट्ट! पुन्हा टाळ्या. मला खिशातून नीट दिसत नव्हतं, पण प्रत्येक 'खट्ट' माझ्या पितळेत घुमत होता.

तिसरी तुळई पाचव्या खांबावर बसली. सहाव्यावर बसेना.

"जीभ खाचेच्या बाहेर येतेय," वरून एक कामगार ओरडला. "चांगली दोन बोटं!"

दोर ताणलेला. तुळई अर्धवट लटकलेली. वारा सुटू लागला होता. मागे कुणीतरी कुजबुजलं, "आखणीच चुकली असणार. पहिलंच घर ना तिचं."

लेझरभाऊ म्हणाला, "खांब सरळ आहे, मी स्वतः पाहिलाय. खाच दोन बोटं रुंद करा, काम संपवा."

मिस्त्री खाली उभे होते. त्यांचा चेहरा उतरला होता. "पोरी, माणसं दमलीत. घे पटाशी, वाढव खाच."

ताईचा हात पटाशीकडे गेला. तिथेच थांबला.

"नाही, बाबा. ही खाच मी तीनदा मोजलीय. एकदा कापलेलं लाकूड परत जोडता येत नाही. दोराला जमिनीतल्या खुंटाभोवती वेढे द्या, पण हात सोडू नका. मला दोनच मिनिटं द्या."

आणि तिने खिशात हात घातला!

ती शिडीवरून सरसर वर चढली. खांबाच्या डोक्याशी, बाहेरच्या अंगाला चार बोटं अंतर ठेवून तिने माझी दोरी धरली आणि मला खाली सोडलं. खांब सरळ असेल, तर दोरी आणि लाकूड यांच्यातलं अंतर वर-खाली सारखंच भरतं. सात वर्षांनी मी मोकळा लोंबत होतो! पण वारा मला झुलवू लागला. इकडे, तिकडे. मनात म्हटलं, अरे गड्या, आज नाही थांबलास तर कधी थांबणार?

"पाणी आणा!" मिस्त्री ओरडले. सिस्टरांनी धावत बादली आणली आणि मला त्या पाण्यात बुडवलं. पाण्याने मला धरलं. मी हळूहळू थांबलो. चाळीस माणसं दोर धरून, श्वास रोखून माझ्याकडे बघत होती.

मिस्त्रींना दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी खांबाच्या पायाशी बसून दोरी आणि लाकूड यांच्यामध्ये आपली बोटं घातली. एक, दोन, तीन, चार. अजून जागा होती.

"वर किती?"

"चार बोटं!"

"खाली सहा!" मिस्त्रींचा आवाज एकदम चढला. "खांब बाहेर कललाय! पोरी, तुझी खाच बरोबर आहे!"

सगळे लेझरभाऊकडे वळले. त्याने मान खाली घातली. "चहाच्या वेळी पेटी पडली हातातून," तो हळूच म्हणाला. "चालू होती, म्हणून बोललो नाही. आज सगळ्यांसमोर काय सांगायचं, असं वाटलं."

ताई चिडेल असं मला वाटलं. पण ती वरून म्हणाली, "आता सांगितलंत ना? मग या, टेकू सैल करा. तुमच्याइतका नेमका हात इथे दुसऱ्या कुणाचा नाही."

लेझरभाऊ पळतच आला. त्याने टेकूखाली पाचर घातली आणि हळूहळू ठोकू लागला. मिस्त्रींची बोटं दोरीपाशीच होती. "सहा... साडेपाच... पाच... अजून थोडं... चार! बस!"

"सोडा दोर, हळूच!" ताई ओरडली.

आता सिस्टरांना राहवेना. त्यांच्या तोंडून चाळीस वर्षांची सवय बाहेर पडली. "हळू... हळू... घाई नाही... येतंय, येतंय... आता थोडा जोर!"

खट्ट!

"आलं!" सिस्टर ओरडल्या. "सुखरूप!"

माणसं नाचली, मित्रांनो! जो कुजबुजला होता, तोच सर्वांत मोठ्याने ओरडत होता. सांधा इतका घट्ट बसला होता की त्यात कागदसुद्धा शिरला नसता. मी बादलीत होतो, पाणी हिंदकळत होतं आणि मीही हिंदकळत होतो. सात वर्षांनी मी पुन्हा कामाला आलो होतो!

सूर्य कलायच्या आत छपराच्या माथ्यावरची तुळई, म्हणजे आढंही चढलं. आढ्यावर घर बांधणाऱ्याची खूण कोरतात. कामगाराने विचारलं, "मिस्त्री, तुमची नेहमीची खूण ना?"

"माझी नको. मोजमाप तिचं आहे."

ताई गोंधळली. "माझी कुठे खूण आहे, बाबा?"

"मग आज कर."

तिने पटाशी हातात घेतली, क्षणभर विचार केला आणि आढ्यावर एक उभी सरळ रेघ कोरली. रेघेच्या खाली एक थेंब. खालून सिस्टरांनी विचारलं, "हे काय गं?"

ताईने मला वर उचलून त्या खुणेशेजारी धरलं. सगळे हसले. मी मात्र हसलो नाही. पितळेला रडता येत नाही, एवढंच.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादं जुनं अवजार कोपऱ्यात पडलं असेल, तर त्याला पुसा, त्याची दोरी बदला, त्याला कामाला लावा. हातून एखादी वस्तू पडली, तर लगेच सांगा. त्यात लाज नाही. दोन बोटांचा फरक वेळेवर कळला, तर एका पाचरीने निभावतं. आणि मी कुठे सापडलो, तर मला वारा लागू न देता एकदा सोडून बघा. मी कुणाचीच बाजू घेणार नाही, पण खरं तेच सांगेन.