शिळं पाणी

थान मुकादमानं बादल्या घासून लख्ख केल्या होत्या. खाणीत जीवाश्म शोधायला आलेली लुओ यिनफान एकेका बादलीत डोकावली.

“आतलं शिळं पाणी कुठंय?”

“फेकलं. काय घाण मारत होतं, बाई! फूसाहेब येणार, म्हटलं खोली जरा माणसात आणू. दगडावर कोरं ॲसिड घातलंय. तुम्ही शहरातून मायक्रोस्कोप आणेपर्यंत दगड विरघळलासुद्धा!”

तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

खाणीच्या भिंतीत हातभर रुंदीचा करडा पट्टा होता. त्याखालच्या दगडात प्राण्यांची खूण नाही. तेव्हाचा समुद्र घुसमटलेला, विरघळलेल्या लोखंडानं भरलेला. मग शेवाळानं प्राणवायू सोडला. लोखंड गंजून तळाशी बसलं, जाताना फॉस्फरस घेऊन गेलं. तळाशी पडलेल्या, पहिल्यावहिल्या प्राण्यांच्या इवल्याशा अंड्यांवर त्याच फॉस्फरसचं कवच चढलं आणि ती साठ कोटी वर्षं टिकली. जिवांनी समुद्र बदलला, समुद्रानं जीव जपले. यिनफानच्या मते हे सगळं या एका पट्ट्यात होतं, आणि खाणवाल्यांना तोच फॉस्फरस खतासाठी हवा होता.

खाणीचा प्रमुख फूसाहेब म्हणाला होता, “मी येईन त्या दिवशी एक अंडं डोळ्यांनी दाखवा, भिंत सोडतो. नाहीतर त्याच दुपारी सुरुंग.”

सौम्य ॲसिडमध्ये दगड विरघळतो, अंडी उरतात. पण कोरं ॲसिड अंडीही खातं. म्हणून आधीच्या खेपेचं, दगड पिऊन मवाळलेलं पाणी त्यात घालावं लागतं. तेच थाननं गटारात ओतलं होतं.

“थानदादा, घरच्या आंबट रश्शाच्या रांजणातलं, नवा रस्सा आंबवणारं जुनं पाणी फेकाल?”

“बायको हाकलून देईल!”

“मग हे का फेकलं?”

थानचा चेहरा उतरला. “साहेबाला वास आला असता, बाई.”

साहेबाला वास! या देशात साहेबाच्या नाकापुढे साठ कोटी वर्षांची काय पत्रास?

तिनं गाळ धुतला, चाळला, काचेवर घेतला. सगळे कण पोखरलेले, भुगा झालेले. फूसाहेब आला, त्यानं मायक्रोस्कोपला डोळा लावला.

“ही तर वाळू.”

“ॲसिड चुकलं. मला तीन आठवडे द्या, नवा दगड काढते.”

“तीन आठवड्यांत ही भिंत भाताच्या शेतात असेल, बाई.” तो हसला. “अंडीच बघायची तर आमच्या कोंबड्या काय वाईट?”

बरोबरचे सगळे हसले. थान सोडून.

दुपारी सुरुंग उडाला. करडी धूळ खाली बसायच्या आत ट्रक लागले.

खत शेतात जाईल, शेतातलं नदीत, नदीतलं समुद्रात. तिथं शेवाळ माजेल, सडेल, प्राणवायू गिळेल. खालच्या वळणावर नदी आत्ताच हिरवीगार झालेली, मासे वर तोंड काढून तडफडतात. ज्या फॉस्फरसनं अंडी जपली त्यानंच आता पाणी मारायचं. एवढं कर्तृत्व त्या आदिम शेवाळालाही जमलं नव्हतं.

थान दारात घुटमळला. बादलीतलं पाणी एव्हाना पांढुरकं, शिळं झालं होतं.

“बाई, हे तरी ठेवू ना? पुढच्या खेपेला?”

“कसली खेप?”

तिनं बादली उचलली आणि स्वतःच्या हातानं गटारात उपडी केली.