डाव्या हाताचा टोफूवाला

"हा म्हातारा मागे वळला की भोंगा उजव्या हातात जातो. हे चालायचं नाही," मित्सुएताई पडद्याकडे बोट दाखवून म्हणाल्या.

मी कपाळाला हात लावला. आमच्या व्हिडिओ खेळाची कॅसेट उद्या कारखान्यात जायची, आणि बाईंना एका टोफूवाल्याच्या हाताची पडलेली.

"ताई, गावातली सगळीच माणसं तशी आहेत. चित्र एकाच बाजूचं ठेवायचं, वळला की यंत्र तेच आरशासारखं उलटं दाखवतं. दुसरं चित्र ठेवायला कॅसेटमध्ये जागा कुठाय?"

"बाकीच्यांचं मला काय करायचंय? हे माझे बाबा आहेत."

ताई निशिजिन या विणकरांच्या पेठेतल्या. अर्धं आयुष्य त्यांनी किमोनोच्या पट्ट्यांची नक्षी चौकटीच्या कागदावर रंगवण्यात घालवलं. माग बंद पडत गेले तशा त्या आमच्या कचेरीत आल्या. इथेही चौकटीचाच कागद, फक्त एका चित्राला रंग तीन. "तीन रंगांत तुम्ही भिकाऱ्याचे कपडे तरी शिवाल का?" असं आम्हाला सुनावून त्यांनी तीन रंगांत असा ड्रॅगन काढला, की त्याला मारताना आमचाच जीव खालीवर व्हायचा.

त्यांचे वडील, कुराहाशीकाका, डावखुरे. लहानपणी आईने डावा हात कमरेला बांधून त्यांना उजव्या हाताने लिहायला, जेवायला लावलं. पण मोठेपणी सायकलला टोफूची पेटी बांधून स्वतःचा धंदा सुरू केला, तेव्हा गिऱ्हाइकांना हाक द्यायचा भोंगा धरला तो डाव्या हातात. यंदा गुडघ्यांनी दगा दिला आणि फेरी बंद झाली.

"दुपारी फेरीची वेळ झाली की दाराकडे बघत बसतात," ताई म्हणाल्या. "जन्मात एवढं एकच त्यांनी मनासारखं केलं रे. तेही मी पुसून टाकू?"

नेमके तेव्हाच आमचे साहेब, तोकुदा, चहाचा पेला घेऊन आले. "हात उलटा झालेला चालत असेल तर ठेवा, नाहीतर म्हातारा काढा. संध्याकाळी मला काम पूर्ण हवंय." एवढं बोलून गेले.

ताईंनी खोडरबर उचललं. मला बघवेना.

"थांबा. त्याने वळायचंच नाही. उजवीकडून यायचं, डावीकडे निघून जायचं. तसा गेला की भोंगा डाव्याच हातात राहतो."

"मग कर ना."

"त्याच्यासाठी वेगळ्या सूचना लिहायला लागतील, त्यांना जागा हवी."

दोघांनीही पडद्यावरच्या तळ्याकडे पाहिलं. तिथे माझा बेडूक डरांव डरांव करत होता. त्या आवाजासाठी मी महिनाभर झटलो होतो, आणि कॅसेटमधली बरीच जागा त्यानेच खाल्ली होती. खेळाला त्याचा काडीचा उपयोग नव्हता, पण माझा फार जीव होता त्याच्यावर.

"नोबे, मला मागायला तोंड नाही," ताई हळूच म्हणाल्या.

"मग मागू नका," मी म्हणालो आणि बेडकाला मुका केला. वाईट वाटलंच.

कॅसेट दुकानात आली त्या आठवड्यात ताईंनी मला घरी जेवायला बोलावलं. काकांनी खेळ हातात घेतला. "चालवायची कळ डाव्या अंगठ्याखाली? हे बनवणारा शहाणा दिसतो," म्हणाले.

ड्रॅगन राहिला डोंगरावर. खेळातल्या आपल्या शूरवीराला घेऊन काका गावातच थांबले. उजवीकडून म्हातारा आला, भोंग्याचे दोन सूर वाजले. काका वाकून बघायला लागले.

"डावा हात," ते म्हणाले.

"हो, बाबा."

मग त्यांनी आपल्या शूरवीराला म्हाताऱ्यामागे पळवलं. म्हातारा डाव्या कडेला गेला आणि दिसेनासा झाला.

"परत कुठून येतो हा?"

मी म्हणालो, "मागच्या गल्लीने जातो घरी. टोफू संपला ना सगळा."

"सगळा?" काका मोठ्याने हसले. "नशीबवान आहे लेकाचा. माझा कधी संपला सगळा?"

ताई हसता हसता डोळे पुसायला लागल्या. काका हातातला खेळ सोडेनात. थोड्या वेळाने उजवीकडून पुन्हा भोंगा वाजला. गल्ली अरुंद होती. काकांनी शूरवीराला भिंतीला लावून उभं केलं आणि म्हाताऱ्याला वाट करून दिली.