उलट्या पिळाचा मोजा

मित्रांनो, मोज्यांची जोडी वेळेवर पूर्ण झाली. हे वाक्य मी बोललेच नाही आणि तुम्ही वाचलंच नाही, असं आपण ठरवू. कारण मला पुढचं सगळं काळजीच्या सुरात सांगायचं आहे, आणि शेवट ठाऊक असलेल्या माणसांसमोर काळजी करणं फार अवघड जातं.

मी एक जुनी टकळी आहे. वीतभर दांडी, वर आकडा, खाली बशीएवढी चकती. पिंजलेली लोकर बोटांनी ओढायची आणि मला गरकन फिरवून खाली सोडायचं. मी फिरते, लोकरीला पीळ बसतो, तिचा धागा होतो. माझं शिक्षण एवढंच. जन्मानं मी खुर्चीचा पाय आहे. एका सुतारानं मोडक्या खुर्चीतून मला घडवलं. उरलेले तीन पाय कुठं असतात, मला माहीत नाही. त्यांच्यावर आता कुणी बसत नसणार, एवढं नक्की.

मला बाईंनी विकत घेतलं. बाई दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारायच्या, आणि दोन नंबरांच्या मध्ये हौसेनं सूत कातायच्या. समोरच्या बाकावर गाल धरून बसलेली माणसं माझ्याकडे टक लावून बघत. एक गृहस्थ दाढ काढून बाहेर आले, पुन्हा माझ्यासमोर बसले आणि अर्ध्या तासानं म्हणाले, "माझा नंबर कधी?" डॉक्टरांनी मला भुलीच्या इंजेक्शनच्या वरचा दर्जा दिला. मी शेफारले नाही. फिरणाऱ्याला तेवढी सवड नसते.

बाईंचे यजमान लोकांना गाडी चालवायला शिकवत. शिकणारे त्यांना सर म्हणत, म्हणून मीही म्हणते. सर डावखुरे होते. तीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारी, पायाखाली जादा ब्रेक घेऊन बसले होते. त्यामुळे घरी सोफ्यावरसुद्धा कुणी भलतंच बोलायला लागलं की त्यांचा पाय आपोआप जमिनीवर दाबला जाई. माझ्याविषयी त्यांचं मत ठरलेलं होतं. "वीस पावलांवर दुकान आहे. तिथं मोजे तयार मिळतात. दोन्ही."

मग त्यांच्या लेकीला नोकरी लागली. बर्फाच्या डोंगरावरच्या हवामान केंद्रात, वर्षभरासाठी. बाईंना ते पसंत नव्हतं. त्या "जा" म्हणाल्या नाहीत आणि "जाऊ नको"ही म्हणाल्या नाहीत. त्यांनी मला खाली काढलं आणि लेकीसाठी लोकरीचे मोजे करायला घेतले. घरात सगळ्यांना कळलं, की मोजे म्हणजे होकार. पहिला मोजा सुयांवरून उतरला तेव्हा लेक बाबांच्या कानात कुजबुजली, "अर्धी परवानगी मिळाली."

त्याच आठवड्यात बाई दवाखान्याच्या ओल्या फरशीवर घसरल्या. उजवं मनगट मोडलं. प्लॅस्टर सहा आठवड्यांचं, आणि लेकीला निघायला सात आठवडेसुद्धा नव्हते. दुसऱ्या मोज्याचा धागा अजून कातायचा होता.

"असू दे गं आई. मी दुकानातले घेते," लेक म्हणाली.

बाई उठल्या. स्वयंपाकघरात गेल्या आणि एकच डबा तीनदा उघडून बंद केला. सर बाहेर बसून ऐकत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला उचललं.

"अहो, काय करताय?"

"शिकतोय. तू शिकव."

"तुम्हाला? या वयात?"

"माझ्याकडे सत्तरीच्या एक आजी आल्या होत्या. गाडी मागे घेऊन लावायला शिकून गेल्या."

बाई समोरच्या खुर्चीत बसल्या, उशीवर प्लॅस्टर ठेवून. "ओढा. हळू. अहो हळू, दोरखंड नाही वळायचाय."

"ओरडू नको. शिकणाऱ्याचा धीर सुटतो."

"तुम्ही नाही ओरडत?"

"माझ्या पायाखाली ब्रेक असतो. तुझ्याकडे नाही, म्हणून तुझा आवाज चढतो."

पहिल्या दिवशी मी एक्केचाळीस वेळा पडले. खालच्या मजल्यावरून निरोप आला, की फरशी बसवून कधी होणार. मग सरांनी माझ्याखाली घडी घालून जाड चादर अंथरली. बाईंनासुद्धा हे कधी सुचलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात त्यांच्या धाग्याला धागा म्हणता येऊ लागलं. पण एक गोष्ट फक्त मला माहीत होती. समोर बसलेल्या बाई प्लॅस्टरबाहेरची बोटं हवेत फिरवून दाखवत; त्यांचं बघून बघून, आरशात बघावं तसं, सर मला डाव्या हातानं उलटीकडे फिरवत होते. सांगायला मला तोंड नाही. जन्मभर मी एकाच दिशेनं फिरले होते. सुरुवातीला गरगरलं. मग लक्षात आलं, की आता कपाटाआधी खिडकी दिसते. खोली तीच होती, पण मला नवी मिळाली.

प्लॅस्टर निघालं तेव्हा पाच दिवस उरले होते. बाईंनी धागा बोटांत फिरवून पाहिला.

"अहो, पीळ उलटा आहे."

"म्हणजे काय होईल?"

"एकेरी धागा आहे. पीळ जिकडे, तिकडे मोजा वळतो. माझा उजवीकडे वळलाय. हा डावीकडे वळणार."

सरांचा पाय जमिनीवर दाबला गेला. "परत कातू?"

"पाच दिवसांत? एवढ्याला सहा आठवडे लागले तुम्हाला."

"मग दुकान आहे," सर म्हणाले. त्यांना स्वतःलाच ते आवडलं नसावं, कारण शेवटचा शब्द नीट ऐकूच आला नाही.

बाईंनी धाग्याचा गुंडा मांडीवर घेतला आणि सुया काढल्या.

बोटं आखडलेली होती. चार टाके घातले की हात झटकावा लागे. दर फेरीनंतर सर पाणी आणून ठेवत, आणि बाई ते पीत नसत. पाचव्या दिवशी संध्याकाळी अंगठ्याजवळचा शेवटचा टाका बंद झाला. लेकीनं दोन्ही मोजे घातले. एका पायावर टाक्यांच्या रेघा उजवीकडे वळत गेलेल्या, दुसऱ्यावर डावीकडे. तिनं बराच वेळ पायांकडे पाहिलं.

"दुकानातले मोजे दोन्ही एकीकडेच तोंड करून असतात," ती म्हणाली. "हे एकमेकांकडे बघताहेत."

"चालताना गप्पा मारायला लागले तर कळव," बाई म्हणाल्या. मग मोज्याची वरची कड उगीच सारखी करत, मान वर न करता म्हणाल्या, "जा. नीट जा."

सरांचा पाय अगदी सैल होता.

मित्रांनो, आता बाईंचा हात बरा आहे. मी पुन्हा उजवीकडे फिरते, आणि सर त्यांच्या गाडीत जाऊन बसले आहेत. मी दोघांचीही ऋणी आहे. बाईंनी मला कामाला लावलं आणि सरांनी दुसरी बाजू दाखवली. तुमच्या घरी टकळी असेल तर तिला दमट जागी ठेवू नका, तिचा आकडा वाकवू नका, आणि कधीतरी ती दुसऱ्याच्या हाती द्या. बाकीचं मी रीतसर लिहून देते.

प्रति, या बाबतीत जे कोणी वरिष्ठ असतील ते. महोदय, विनंती करण्यात येते की, प्रत्येक घरातील एका व्यक्तीचे आवडीचे काम दर सहा महिन्यांनी सहा आठवड्यांकरिता दुसऱ्या व्यक्तीकडे सोपवण्याचा आदेश काढण्यात यावा, व त्यासाठी कोणाचेही मनगट मोडलेले असणे आवश्यक मानू नये. अंमलबजावणी आमच्या घरापासून सुरू करण्यास हरकत नाही. सर मंगळवारी दुपारी मोकळे असतात.