ब्रेकचा दिवा

आमची लाँड्री आहे, आणि लाँड्रीची व्हॅन आमचे हे ड्रॅग शर्यतीत, म्हणजे सरळ पट्ट्यावरच्या दोन गाड्यांच्या शर्यतीत, पळवतात. हसू नका. हौशी गटात खटारा गाडीही चालते, कारण तिथला नियमच वेगळा. आपली गाडी सरळ पट्टा किती सेकंदांत पार करेल ते बुटांच्या पांढऱ्या पॉलिशने काचेवर लिहायचं. हळू गाडी आधी सुटते, वेगवान मागून. आधी पोचेल तो जिंकला; पण स्वतः लिहिलेल्या वेळेपेक्षा लवकर पोचलात, तर बाद. म्हणून आपण पुढे आहोत असं दिसलं की हे रेषेच्या तोंडाशी हलकेच ब्रेक दाबतात. खरी करामत तीच.

वर्तमानपत्रवाल्यांना हे कोण सांगणार? ते सुरुवातीच्या रेषेपाशी उभे राहून मोठ्या गाड्यांच्या धुराचे फोटो काढतात आणि घरी जातात. गेल्या मोसमात एकाने आमच्यावर दोन ओळी खरडल्या: 'ब्रेक लावूनही लाँड्रीची व्हॅन विजयी. निकाल आधीच ठरला होता का?' तेव्हापासून गिऱ्हाइकं शर्टाच्या गुंड्या मोजून घ्यायला लागली.

यंदा ट्रॅकच्या मॅनेजरने सगळ्या हौशींना बोलावून सांगितलं, "जाहिरातदार विचारतात, तुमचा गट बघतं कोण? कुठे धड छापून आलं नाही, तर पुढच्या मोसमात गट बंद." त्या दिवशी हे जेवले नाहीत. आठवडाभर इस्त्रीच्या वाफेत उभं राहणाऱ्या माणसाचं हे एवढंच सुख, तेही जाणार होतं.

अंतिम फेरीला वर्तमानपत्राची एक मुलगी आली. फार गोड बोलत होती, तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

"काकू, काका ब्रेक नेमका कुठे लावतात?"

"तुला कशाला हव्यात चौकशा?"

"सहज विचारलं."

सहज म्हणे! बाकीचे फोटोवाले सुरुवातीला गर्दी करून उभे, आणि ही बया एकटीच पट्ट्याच्या पार दुसऱ्या टोकाला, शेवटच्या रेषेच्या अलीकडे, भिंतीआड. कॅमेरा गाड्यांच्या पाठीमागे रोखलेला, म्हणजे थेट ब्रेकच्या दिव्यांवर. नक्कीच कुठेतरी पाणी मुरत होतं.

मी व्हॅनची खिडकी ठोठावली. "अहो, ती पोरगी तुमच्या ब्रेकवर टपून बसलीय. पुरावा हवाय तिला."

"अगं, असू दे की."

"असू दे काय? पुन्हा तेच छापून आलं तर गटही जाईल आणि दुकानही. आज ब्रेकला पाय लागला तर माझ्याशी गाठ आहे."

ह्यांनी काच वर केली. समोर दातांचा डॉक्टर होता, त्याची लाल गाडी आमच्यापेक्षा पुष्कळ वेगवान. व्हॅन आधी सुटली, डॉक्टर मागून झेपावला. शेवटाला आपली लिहिलेली वेळ सांभाळायला त्याने ब्रेक दाबला; त्याचे दिवे लाल झाले, आमचे नाही. व्हॅन आधी रेषा ओलांडून गेली. मी टाळी वाजवणार, तोच फलकावर आमच्या नावापुढे 'बाद' उमटलं. हे काचेवर लिहिलेल्या वेळेआधीच पोचले होते.

ती मुलगी धापा टाकत आली. "काकू, काकांनी ब्रेक का नाही लावला? मी त्याच फोटोसाठी उभी होते! सगळा खेळ त्या ब्रेकचा आहे, तेच मला लिहायचंय."

"मग आधी तोंड का नाही उघडलंस?"

"आधी सांगितलं तर काका कॅमेऱ्यासाठी मुद्दाम दाबतील असं वाटलं मला."

म्हणजे तीही आमच्यावर संशय घेऊनच उभी होती.

दोन दिवसांनी अख्खं पान आलं. डॉक्टरच्या गाडीचे लालभडक दिवे, आणि शेजारी आमची व्हॅन, दिवे विझलेली. नियम इतका सोपा करून लिहिला होता की कुणालाही कळावा. मॅनेजरचा फोन आला, गट राहणार. ह्यांनी पान कात्रीने कापून काउंटरमागे चिकटवलं. मला मात्र तिकडे बघवेना.

संध्याकाळी एक गिऱ्हाईक शर्ट न्यायला आलं. पानाकडे बघून म्हणालं, "अहो, शेवटी ब्रेक का नाही लावलात?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी योग्य प्रश्न विचारला होता. मी बिलाच्या वहीत डोकं घातलं.

ह्यांनी इस्त्रीवरून नजर न काढता सांगितलं, "पाय घसरला."

"होतं असं कधीकधी," म्हणत गिऱ्हाइकाने शर्ट उचलले आणि गुंड्या न मोजताच ते निघून गेलं.