अर्धा चमचा

मी डुकरांची डॉक्टर आहे, बराकपूरजवळच्या एका फार्मवर. आईचं दूध तोडलं की पिल्लं खाणं सोडतात, त्यांची पोटं बिघडतात. म्हणून खाद्यात दुधाच्या वासाची पावडर मिसळायची आणि पुढे ती हळूहळू कमी करत न्यायची. तोवर पिल्लं आईला विसरतात. हे सगळं मी जेवताना बाबांना सांगायचे.

आई गेली आणि बाबांनी अन्न टाकलं. मी रडले नाही, कामावर जात राहिले. तिनं केलेल्या गोड्या मसाल्याचा डबा काल सापडला. चमचाभर आमटीत घातला. बाबांनी पुन्हा वाढायला सांगितली.

आज मी अर्धाच चमचा घातला. बाबांनी वाटी खाली ठेवली.

"सुरुची, मी डुकराचं पिल्लू नाही गं. पुरता घाल. संपेल तेव्हा संपेल."