खोबऱ्याची नखं

छायाच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे केळझरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि तिलाही. आजवर तिला त्याचं हसूच येई.

तिचा भाऊ धनंजय, त्याचं वर्ध्यात शोभेच्या माशांचं दुकान. तिथल्या एका प्राण्याचा पुढचा पाय माशानं तोडला. लंगडं जनावर घेणार कोण? धनंजयनं ते टाकीसकट भाचीला, सुरभीला देऊन टाकलं. ॲक्सोलॉटल. लांबून पाल वाटावी, जवळून पाय फुटलेला मासा. अंग पांढरंफेक, मानेशी लालसर झिपऱ्या, तोंडावर कायमचं हसू. छायानं पहिल्या दिवशी देवाचं नाव घेतलं. सुरभीनं त्याचं नाव खोबऱ्या ठेवलं. थंड पाण्यातला जीव, म्हणून टाकी घरापुढच्या त्यांच्याच मोबाईलच्या दुकानात कुलरसमोर ठेवली. दुपारी त्यात बर्फाच्या बाटल्या सोडायचं काम छायाकडे आलं. सुरभी खतातली गांडुळं वेचून त्याला चारायची.

आणि काय सांगावं, दोनेक महिन्यांत खोबऱ्याचा तुटका पाय पुन्हा उगवला, बोटांसकट! मग छाया गप्प बसते होय? रिचार्जला आलेल्या प्रत्येकाला तिनं तो पाय दाखवला.

"पोरीचाच गुण हाय," वर हेही सांगायची. सुरभी पायाळू होती, जन्मताना आधी पाय बाहेर आलेली. अशा माणसाच्या लाथेनं उसण उतरते म्हणतात. पाठीत उसण भरली की माणसं दुकानात येत, पाठ करून वाकत, आणि दहा वर्षांची सुरभी उजव्या पायानं हलकेच लाथ मारी. छायाला त्याचा कोण अभिमान! गावातल्या निम्म्या पाठींना तिच्या लेकीच्या पायाची ओळख होती.

चतुर्थीला गावच्या गणपतीच्या दर्शनाला आलेल्या गर्दीतली दोन अनोळखी माणसं दुकानात शिरली. एक जण टाकीशी वाकून बोट हलवत काहीतरी मोजू लागला.

"नखं किती?" दुसऱ्या उंच माणसानं विचारलं.

"अठरा."

"दोन कमी हाय. चालन." मग तो छायाकडे वळला. "ताई, ह्याले चारते कोण?"

"माही पोरगी. तिच्या हातालेच गुण हाय, अन् पायालेबी. पायाळू हाय न ते!"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जनावर विकता का, हे त्यांनी विचारलंच नाही. पोरगी कोणत्या शाळेत जाते, एवढं विचारलं, आणि छायानं तेही सांगून टाकलं.

ते जाताच समोरच्या पानठेल्यावरचे बंडूजी धावत आले. काय काय विचारलं ते ऐकून त्यांचा चेहराच उतरला.

"गुप्तधनवाले असतीन. वीस नखाचं कासव, दोन तोंडाचं मांडूळ, असं काई घेऊन जंगलात खड्डे खांदत फिरतात. जनावर जागा दाखवते म्हणतात. अन् जमिनीखालचं धन पायाळू माणसालेच दिसते."

"अन् धन भेटल्यावर? त्या माणसाचं काय करतात?"

बंडूजी पानं पुसायला परत गेले.

शाळा सुटायच्या कितीतरी आधी छाया फाटकाशी जाऊन उभी राहिली. येणारी प्रत्येक गाडी तिला त्यांचीच वाटत होती. तिचा नवरा प्रफुल आधी हसला, मग शाळेचं ऐकून पोलीस पाटलांकडे गेला. खोबऱ्याला धनंजयकडे परत पाठवायचं ठरलं. सुरभीनं रडून घर डोक्यावर घेतलं, पण छायानं ऐकलं नाही. जनावर परत देता येत होतं. पोरीचा जन्म कुठे परत द्यायचा, हे तिला कळेना.

रविवारी प्रफुल टाकी घेऊन वर्ध्याला गेला. दुकानात शेजारच्या मंदाबाई मोबाईल घेऊन बसल्या होत्या. तेवढ्यात तो उंच माणूस आला, कमरेवर हात धरून, वाकत वाकत.

"तो जीव मेला," छायानं ठरवलेलं उत्तर आधीच देऊन टाकलं.

त्यानं टाकीच्या रिकाम्या जागेकडे पाहिलंही नाही. "त्याचं नाई, ताई. उसण भरली. पोरीले बोलवता काय?"

"पोरगी नाई घरी. मामाकडे गेली."

आतला पडदा हलला. रडून डोळे सुजलेली सुरभी 'उसण' ऐकून सवयीनं बाहेर आली होती. "कोणाची उसण आहे, आई?" तिनं चप्पल काढून उजवा पाय पुढे केला.

छायानं तिला दंडाला धरून मागे ओढलं. "पायाळू नाई हे पोरगी! खोटं बोलली होती मी तवा. लोकाईले उगाच सांगत होती."

मंदाबाईंनी चष्मा वर केला. एवढ्या गुणी पोरीवर असा आळ त्यांना सहन होईना.

"अवं छाया, काऊन खोटं बोलून राह्यली? माही पाठ तिनंच बरी केली न! अन् दवाखान्यात मी होती तुह्याजवळ. पहिले पायच दिसले पोरीचे. माह्या डोयानं पाह्यले!"

छायानं डोळे मिटून घेतले.

"बरं झालं सांगतलं, मावशी," तो माणूस म्हणाला, आणि उसणीची लाथ न घेताच दुकानाच्या पायऱ्या उतरला. चालताना तो ताठ होता. कमरेवरचा हात त्यानं केव्हाच काढून घेतला होता.