डाव्या खांद्यामागे

आठ दिवस मास्तरांच्या भिंतीवर एक खाकी कागद टाचलेला होता. त्रेचाळीस इंच रुंद, चोवीस इंच उंच, कडा अगदी सुतात. चाळीस वर्षं लोकांच्या अंगाची मापं घेतलेला शिंपी, टीव्ही घेतानाही आधी कागदावर बेतणारच. लेकीनं फोनवर सांगितलं होतं, "बाबा, त्रेचाळीसचा घ्या, तुमच्या खोलीला पुरे. आणि आवाजासाठी खाली एक लांब पट्टी येते, साउंडबार म्हणतात, तेवढी घ्या. पसारा नको." लेक दूर राहत होती. पसारा नको, असं दूरच्या माणसांनाच वाटतं.

मास्तर रोज संध्याकाळी त्या कागदासमोर खुर्ची टाकून बसत. न उघडणाऱ्या खिडकीसमोर बसावं तसे.

दुकान बंद करून सहा महिने झाले होते. डोळ्यांनी दगा दिला, सुईच्या नेढ्यात दोरा जाईना. पण खरं सांगायचं तर दोरा आधीही मास्तर ओवत नसत. त्यांची बायको ओवायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. मशीनवर मास्तर, आणि त्यांच्या डाव्या खांद्यामागे, हातभर उंचीच्या स्टुलावर, ती. काज तिचे, बटणं तिची, हातशिलाई तिची. कच्चे टाके घालायला मास्तरांनी मागे न बघता रिकामी सुई खांद्यावरून धरायची आणि दोरा ओवलेली सुई परत यायची. तेवढ्यात तिच्या दहा गोष्टी सांगून व्हायच्या. समोरच्या बाईंनी पडदे बदलले. दळण राहिलं. गुडघा दुखतोय. मास्तर म्हणत, "हं." टीप चुकेल म्हणून मान वळवत नसत. कधी ती रागावून गाण्यातच टोमणा घालायची:

सुई बाई बारीक, दोरा बाई लांब
पाठमोऱ्या माणसाला कशी म्हणू थांब

यावरही मास्तर "हं" म्हणायचे.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिचा चेहरा फोटोत होता, साड्या कपाटात होत्या. डावा खांदा मात्र तेव्हापासून गार पडला होता, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

मशीन आणि कापायचं टेबल विकून जे हाती आलं, तेवढ्यात मास्तरांना टीव्ही घ्यायचा होता. चित्राची त्यांना फारशी हौस नव्हती. त्यांनी कुठंतरी ऐकलं होतं, हल्ली टीव्ही बघताना पाठीमागूनही आवाज येतो.

कोपऱ्यावरचं टीव्हीचं दुकान एक बाई एकटीच चालवायची. विकायचीही तीच, घरी येऊन जोडायचीही तीच. अंबाड्यात टेस्टर खोचलेला, अंगात निळा कोट, कोटाचा खिसा पक्कड ठेवून ठेवून उसवलेला. मास्तरांची नजर आधी खिशावर गेली, मग टीव्हीवर.

त्यांनी खाकी कागद उलगडून त्रेचाळीसच्या टीव्हीवर धरला. टीव्ही कागदामागे पार लपला.

"ताई, हा त्रेचाळीस नाही."

"त्रेचाळीसच आहे."

"माझा टेप खोटं बोलत नाही."

बाई हसली. "मास्तर, टीव्हीचं माप उरेब घेतात. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात."

मास्तरांनी टेप तिरका लावला. बरोबर त्रेचाळीस. "आम्ही उरेब कापतो ते कापड अंगावर नीट पडावं म्हणून. हे लोक उरेब मोजतात ते कशाला?"

"आकडा मोठा दिसावा म्हणून."

"म्हणजे शिंप्याहून लबाड निघाले."

कागद पन्नासच्या टीव्हीवर अगदी बेतल्यासारखा बसला. बाई म्हणाली, "हाच न्या. बाजूनं बघितलं तरी रंग फिके पडत नाहीत. आणि उरलेल्या पैशांत साउंडबार."

"मागून आवाज येईल का त्यातून?"

"बजेटातल्या पट्टीला पाठ कुठली, मास्तर? जे आहे ते समोरून."

"मग मागून येईल असं दाखवा."

तिनं एक काळं, जड खोकं पुढं ओढलं. "हा रिसीव्हर. घरातला कारभारी समजा. टीव्हीचा आवाज याच्याकडे जातो आणि कुणी कुठून बोलायचं ते हा ठरवतो. समोर तीन स्पीकर, मागे दोन, आणि घुमायला एक ठोकळा. याच्यापेक्षा भारी आहेत, सात-सात स्पीकरांचे. तुमच्या खोलीत सात ठेवले तर तुम्हाला बाहेर बसावं लागेल."

तिनं मास्तरांना मधोमध बसवलं आणि एक तुकडा लावला. बाजार भरलेला. गाडे, घंटा, पावलं. आणि एकाएकी डाव्या खांद्यामागून एक बाई कुणाला तरी हाक मारत गेली.

मास्तरांनी झटकन मान वळवली. मागे फ्रिजची रांग होती.

"हाच द्या," ते म्हणाले. पुन्हा म्हणाले, "हाच."

"मग पन्नासचा टीव्ही नाही बसणार पैशांत. हा नवा रिसीव्हर नको, मागच्या सालचा घ्या, तुमचं काहीच अडणार नाही. तरी टीव्ही त्रेचाळीसवरच येईल. आठ दिवस कागद मोठा बघितलात, आता डोळ्याला लहान वाटेल हं."

"वाटू दे. डोळे तसेही गेलेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती सामान घेऊन आली. कागद उतरला, टीव्ही चढला, भोवती कागदाची फिकट चौकट उरली. बाई वायर कापायला बसली तसे मास्तर पुढं झाले.

"ताई, चार हात माया सोडा प्रत्येकीला."

"कशाला? लोक म्हणतात वायर दिसूच नये. तुम्ही म्हणता, उरू दे."

"कापलेलं जोडता येतं हो, पण जोड दिसतो. शिवणीत जादा माया पोटात दुमडून ठेवली की कधीतरी कामी येते."

तिनं मान हलवली, पण सोडली. उरलेल्या वायरींची वेटोळी करून टीव्हीमागे खुपसली. मग रिसीव्हरच्या खोक्यातून एक चिमुकला माइक काढला. "हा तुमच्या कानाच्या उंचीवर ठेवायचा. तो प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजतो. तेवढा वेळ खोलीत चिडीचूप पाहिजे."

"ते इथं भरपूर आहे."

"बसणारे किती जण? जितक्या जागा, तितक्यांदा मोजायचं."

मास्तर पटकन म्हणाले, "दोन."

"दुसरी जागा कुठली?"

त्यांनी खुर्चीच्या डाव्या बाजूला मागे ठेवलेल्या स्टुलाकडे बोट केलं. टीव्ही बघायला त्या जागी कुणी बसत नाही, हे बाईला कळत होतं. भिंतीवरच्या फोटोकडे तिची नजर गेली आणि तिनं काही न विचारता माइक आधी खुर्चीच्या पाठीवर, मग स्टुलावर ठेवला. स्पीकर एकामागून एक शीळ घालत गेले. दोघं श्वास रोखून उभे होते.

पुढचे तीन दिवस मास्तरांनी काय काय लावलं नाही. बातम्या, मालिका, जुनी नाटकं, शेतीवरची चर्चासुद्धा. माणसं बोलत, भांडत, रडत, पण सगळी समोरून. मागून यायचा तो पाऊस. कधी टाळ्या, कधी मोटार. एका मालिकेत सासू सुनेला अर्धा तास बोलत राहिली आणि मास्तरांच्या डाव्या खांद्यामागे फक्त सारंगी रडली. चौथ्या दिवशी त्यांनी दुकानात फोन केला.

"ताई, मागचे बिघडलेत. बोलत नाहीत."

ती आली. मागच्या स्पीकरांना कान लावून बघितलं, शीळ वाजवून बघितली. "ठणठणीत आहेत की."

"मग माणसं का नाही बोलत त्यांच्यातून?"

बाई पाय दुमडून जमिनीवर बसली. "मास्तर, बोलणं बहुतेक सगळं मधल्या स्पीकरमधून येतं. टीव्हीखाली आहे ना, तो. मागच्यांना पाऊस, गर्दी, गाणं. दुकानात लावलेला तुकडा मुद्दाम दाखवायलाच केलेला असतो. मला वाटलं, तुम्हाला लढाया आणि हेलिकॉप्टर ऐकायचंय. सगळ्यांना तेच हवं असतं."

"हेलिकॉप्टर घेऊन मी काय करू?"

"मग काय ऐकायचंय?"

मास्तर खुर्चीवर बसले. मशीनवर बसायचे तसे, किंचित पुढे वाकून. त्यांनी गुडघ्यावरची लेंग्याची सुरकुती सरळ केली. मग बाईकडे न बघताच, पाठमोऱ्यानंच बोलले.

"ती इथं मागे बसून बोलायची. तीस वर्षं. काय बोलायची म्हणाल तर आता दहा वाक्यंही आठवत नाहीत. मी नुसता हं म्हणायचो. मला काही बघायचं नाही, ताई. मागे कुणीतरी बोलत असलं की माझे हात चालतात, एवढंच."

दुकान चालवणाऱ्या माणसाला अशा वेळी दोनच गोष्टी सुचतात, माल परत घेणं किंवा पक्कड काढणं. बाईनं पक्कड काढली.

टीव्हीमागे हात घालून तिनं वेटोळं ओढलं. मधल्या स्पीकरची वायर सुटत गेली, सुटत गेली, भिंतीच्या कडेनं खुर्चीला वळसा घालून स्टुलापर्यंत आली आणि तरी वीतभर उरली.

"बघा," ती म्हणाली, "तुमची माया."

"म्हणत होतो ना."

"असं कुणी लावत नाही हं. माणूस समोर ओठ हलवणार आणि आवाज येणार पाठीमागून. कुणी पाहुणा आला तर म्हणेल, जोडणारी बाई वेडी होती."

"कोण पाहुणा येतोय इथं."

तिनं स्पीकर स्टुलावर ठेवला, खाली मास्तरांनी चिंधीची घडी सारली. माइक पुन्हा निघाला. "जागा पुन्हा मोजाव्या लागतील. किती?"

मास्तरांनी स्टुलाकडे बघितलं. तिथं आता स्पीकर बसला होता.

"एकच," ते म्हणाले.

स्पीकरांच्या शिळा संपल्या. बाई सामान आवरू लागली तसा मास्तरांनी हात पुढे केला. "कोट ठेवून जा. खिसा पार गेलाय. चार दिवस बघतोय, माझाच जीव उसवतोय."

"डोळ्यांना त्रास देऊ नका."

"हात अजून शाबूत आहेत. परवा येऊन घेऊन जा." आणि ती उंबरठ्याशी पोचल्यावर म्हणाले, "चहाच्या वेळी या."

ती गेल्यावर त्यांनी टीव्ही लावला. कुठलीशी मालिका होती. समोर एक बाई तोंड हलवत होती. मास्तरांनी तिच्याकडे बघितलंच नाही. कोट मांडीवर घेतला, उसवलेला खिसा उलटा केला, जुने दोरे निवडून काढू लागले. डाव्या खांद्यामागून कुणी सांगत होतं की थोरल्याचं पत्र नाही, छपराचं काम निघालंय, तब्येत बरी नाही.

"हं," मास्तर म्हणाले.

आवाज तिचा नव्हता. तिच्याहून जरा चिरका, जरा शहाणा. पण तो त्या जागेवरून येत होता, आणि बोटं चालू लागली होती. मास्तरांनी निळं रीळ शोधलं, डबीतून सुई घेतली आणि मान खालीच ठेवून ती खांद्यावरून मागे धरली.

मागची बाई बोलतच होती. पाणी आलं नाही, दूध नासलं, कुणाचं कुणाशी पटत नाही. सुई चिमटीत तशीच, हवेत. हात भरून आला तरी मास्तरांनी तो लगेच खाली घेतला नाही.

मग ते उठले. सुई आणि रीळ घेऊन खिडकीशी गेले, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं, उजेडाकडे नेढं धरलं. एकदा चुकलं. दोनदा चुकलं.

"थांब जरा," ते मागे न बघता म्हणाले. "ओवतोय."